उठल्याच्या खुणा

४ फेब्रुवारी

ठकू,

चौथं प्रकरण पाठवते आहे. नेहमीसारखंच कर. हातात पेन्सिल घेऊन वाच, आणि वाचता वाचता जिथे जागेवरून उठशील तिथे समासात फुली मार. कशासाठी उठलीस तेही लिही. चहा, पंखा, दाराची बेल, काहीही. शहाणे अभिप्राय मला नकोत, ते द्यायला प्रकाशक आहे. पुस्तक वाचणाऱ्याला धरून ठेवतंय की नाही हे त्याच्या बुडाला आधी कळतं आणि डोक्याला मागाहून, हे माझं मत तुला पाठ आहे.

फोनवर मजकूर पाठव, असं तू मागे म्हणालीस. नाही पाठवणार. फोनवर वाचणारा माणूस बसल्याजागीच दुसरीकडे निघून जातो, त्याला उठावंच लागत नाही. मग फुल्या कुठे मारणार? म्हणून कागदच बरा. तोही फुकटचा आहे. तुझ्या दादाच्या लिफ्टच्या कामाच्या कागदांचे गठ्ठे कपाटात पडून आहेत, एका बाजूने कोरे. ते टाकवत नाहीत आणि वाचवतही नाहीत, म्हणून त्यांच्या पाठीवर प्रकरणं छापते. मागच्या बाजूकडे लक्ष देऊ नकोस.

प्रकाशकाचा फोन आला होता. पहिली तीन प्रकरणं वाचून म्हणाला, ताई, सगळं ठीक आहे, पण आत शिरता येत नाही. मेअखेरपर्यंत काही जमलं तर बघू, नाहीतर हे पुस्तक बाजूला ठेवू. फार गोड बोलतो बिचारा. एवढं गोड बोलायला लागला की समजावं, पाणी डोक्यावरून गेलंय.

मी बरी आहे. जेवते, झोपते, खालच्या दुकानदाराशी हवापाण्याच्या गप्पा मारते. रडू येत नाही. ऑक्टोबरात लोक म्हणायचे, धीराची आहे. आता म्हणायचे थांबलेत. परवा दुधाचं पातेलं हातावर आलं, तर कितीतरी वेळ मी नुसती बघत उभी होते. फोड आला तेव्हा कळलं की भाजलं.

तुझ्या कवळ्या काय म्हणतात? दात कोरून कुठे पोट भरतं का, असं जग म्हणतं, आणि आमची ठकू बघा, दात कोरूनच पोट भरते. हा विनोद माझा नाही, तुझ्या दादाचा. सवयीने लिहिला.

तुझी वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

प्रकरण परत पाठवतेय. फुल्या मोजू नकोस, मीही मोजल्या नाहीत. दुसऱ्या पानावर चहासाठी उठले, परत आले ती चुकून पाचव्या पानापासून वाचायला लागले, आणि बराच वेळ माझ्या ध्यानातच आलं नाही. रागावणार असशील तर आत्ताच रागावून घे, कारण पुढे आणखी आहे.

तुझा भाडेकरू नव्या खोलीत येतो. ‘तो आत शिरला. खोली जुनी होती. त्याला एकटं वाटलं.’ बरं, वाटलं. मग मी काय करू? ती खोली मला दिसत नाही, तिला वास नाही, भिंतीला हात लागत नाही. तू मला बाहेर जिन्यात उभं करून आतल्या बातम्या सांगते आहेस.

तुझ्या मागच्या कादंबरीतली ती मास्तरीण आठवते? बंद घरात परत येते, दिवा लागत नाही, अंधारात भिंत चाचपते आणि हाताला खुंटीवरचा टॉवेल लागतो. ओला. तेवढं म्हणून तू थांबली नव्हतीस. ‘तापातल्या माणसाच्या कपाळासारखा, ओला आणि कोमट’ असं लिहिलं होतंस. ते वाचताना मी हात कपड्याला पुसला होता, वहिनी. खरोखरचा हात. मला कुणी सांगितलं नव्हतं की घरात कुणीतरी आहे, पण माझ्या हाताला कळलं होतं. त्या रात्री मी ते प्रकरण संपेपर्यंत उठले नाही आणि सकाळी कामाला उशीर झाला.

आणि एक सांगू? तुझ्या सगळ्या पुस्तकांतले पुरुष दादावरून बेतलेले असायचे. कुणी उभ्याउभ्या डुलकी काढायचा, कुणी संत्र्याची साल न तोडता अखंड काढायचा, कुणाच्या नखांतलं ग्रीस कधी निघायचं नाही. या भाडेकरूला हातच नाहीत. तो सगळं प्रकरणभर विचार करतो आणि एकदाही कशाला हात लावत नाही.

मला दादा हवा होता गं. नकळत मी त्यालाच शोधत वाचत होते.

तू मला शेवटचं काही सांगितलं नाहीस. मी पोचले तेव्हा त्याच्या हनुवटीखालून पट्टी बांधून झाली होती. मी विचारलं, तू म्हणालीस, शांत होता. मामांनाही तेच, शेजाऱ्यांनाही तेच, फोनवर विचारणाऱ्यांनाही तेच.

ठकू


२० फेब्रुवारी

वन्संबाई,

उपदेश पोचला. उपमा नाहीत अशी तक्रार आहे ना? तर चौथं प्रकरण पुन्हा पाठवते आहे. प्रत्येक पानावर दोन-दोन टाकल्या आहेत, भाजीवर कोथिंबीर टाकतात तशा. पोट भरून घे.

दुसऱ्या गोष्टीबद्दल. शांत होता म्हणजे शांत होता. याच्यापुढे सांगण्यासारखं काही नाही. तू पुन्हा विचारू नयेस.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

तू मला वन्संबाई म्हणालीस की समजायचं, घोडं अडलंय.

उपमा वाचल्या. त्याचे डोळे विझल्या दिव्यासारखे, हसू कोमेजल्या फुलासारखं आणि छाती रिकाम्या घरट्यासारखी. अगं, एका माणसाच्या अंगावर दिवा, फूल आणि घरटं लादलंस तर त्याला चालता तरी येईल का? माझ्या फुल्या बघ. मी चिडून उठले आहे, कंटाळून नाही, तेवढीच काय ती प्रगती.

आमच्या लॅबमध्ये मागे एक बाई आल्या होत्या. त्यांना नमुन्यांतले सगळ्यात पांढरे दात हवे होते. सरांनी समजावलं, मी समजावलं, ऐकेनात. करून दिले. थोड्या दिवसांनी परत आल्या आणि म्हणाल्या, लोक माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. तुझ्या या उपमांचं तसं झालंय. मी तुझ्या भाडेकरूकडे बघतच नाही, घरट्याकडे बघते.

खरा वाटणारा दात करायचा तर तो मुळाशी जरा पिवळा करावा लागतो, टोकाशी किंचित पारदर्शक, आणि कुठेतरी एखादी बारीक रेघ. ज्याच्या तोंडात बसवायचा त्याच्या तोंडातच ते सगळं सापडतं. दादाचा पुढचा दात लिफ्टच्या दारावर आपटून तुटला तेव्हा मी त्याला खिडकीशी बसवून कितीतरी वेळ त्याचं तोंड बघत होते. त्याच्या चहाचा डागसुद्धा मी दातात उतरवला. तो म्हणाला, लोकांना नवे दात देतेस आणि सख्ख्या भावाला जुना! पण नंतर कुठला खरा आणि कुठला माझा, ते तुलाही सांगता येत नव्हतं.

तर उपमा बाहेरून आणू नकोस, एवढंच. त्या माणसाच्या तोंडात बघ.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मी पुन्हा विचारत नाही. तू नको म्हणालीस.

ठकू


१२ मार्च

ठकू,

पाचवं प्रकरण. भाडेकरूच्या दाराशी घरमालकीण येऊन उभी राहते ते. उपमा सगळ्या काढून टाकल्या. आता ते चांगलं आहे की वाईट, मला कळत नाही. वाचलं की भिंतीवरची सूचना वाचल्यासारखं वाटतं. ‘येथे थुंकू नये.’ अर्थ कळतो, पुढे काही होत नाही.

प्रकाशकाने पुन्हा फोन केला. मी म्हटलं, येतंय. काय येतंय ते त्याने विचारलं नाही.

हेही नाही जमलं तर मी लिहिणं थांबवेन. रुसून म्हणत नाही. हात गेलेला सुतार काय करतो, दुसरं काहीतरी करतो. मीही करेन. फक्त तू खरं सांग, मला आता स्वतःचं कळेनासं झालंय.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

सगळं प्रकरण एका बैठकीत वाचलं. एकही फुली नाही, तूच बघ. फार छान झालंय. मालकीण दाराशी येते तिथे तर माझे डोळे भरून आले. थांबू नकोस. पुढचं पाठव.

ठकू


२५ मार्च

ठकू,

तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, कितीतरी दिवसांनी चहा चहासारखा लागला. मग म्हटलं, आपणही एकदा वाचावं, बघू तर खरं ठकूला कुठे रडू आलं.

मालकीण दाराशी येते, कडी वाजवते आणि तोंड उघडते. पान उलटलं. पुढचं पान लिफ्टच्या दोरांना ग्रीस कसं लावावं याचं आहे. त्याच्या पुढचंही. दोरांवरची धूळ आधी कोरड्या फडक्याने पुसावी, ग्रीस जास्त झाल्यास दोर घसरतो, वगैरे. तुझ्या दादाच्या गठ्ठ्यातली दोन पानं न छापताच, उलटी, मध्ये गेली होती आणि कथेची दोन पानं इथे टेबलाखाली पडली होती. मालकीण काय म्हणाली ते तुझ्यापर्यंत आलंच नाही.

तर लिफ्टच्या दोरांना ग्रीस लावायची रीत वाचून माझ्या नणंदेचे डोळे भरून आले. एकदाही उठली नाही. अशी गुणी नणंद मिळायला नशीब लागतं.

तू ते वाचलंच नाहीस. माझी कीव आली म्हणून कोऱ्या समासाचं प्रकरण परत पाठवलंस. ठकू, जगात सगळे माझ्याशी गोड बोलतात, मला त्याची सवय झाली आहे. एक तुझी पेन्सिल होती.

पुढचं प्रकरण येणार नाही.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

महिना झाला, उत्तर लिहायला बसते आणि उठते. या पत्राच्या समासात फुल्या मारायच्या म्हटल्या तर समास पुरणार नाही.

तू म्हणतेस, मी वाचलं नाही. मी वाचलं होतं. प्रत्येक ओळीवरून डोळे फिरवले होते, लिफ्टच्या दोरांवरूनही. मालकीण, कडी, धूळ, फडकं, ग्रीस. माझ्या काही लक्षात आलं नाही. हे मी तुला सांगणार नव्हते, कारण न वाचण्यापेक्षा हे वाईट आहे.

माझ्यात काही शिरतच नाही, वहिनी. तुझंच नाही, कुणाचंच. लायब्ररीतून पुस्तकं आणते, पानं उलटते, परत देते. लाटा म्हटलं तर मला ‘लाटा’ हा शब्द दिसतो, पाणी दिसत नाही. तुझं चौथं प्रकरण वाचून मी एवढी अक्कल पाजळली, आतले वास नाहीत आणि भिंती नाहीत म्हणून. आता वाटतं, भिंती असतीलही, मलाच लागल्या नसतील. लॅबमध्येही तेच. परवा एकाच कवळीत दोन वेगळ्या छटांचे दात बसवले. सर म्हणाले, अगं, हे शेजारीशेजारी ठेवून बघितलेस का? बघितले होते. दोन्ही पांढरेच दिसले.

आमच्याकडे येणारे डॉक्टर सांगतात, हिरडी बधिर केल्यावर लगेच जेवू नका, स्वतःचाच गाल चावाल आणि कळणार नाही. मी ऑक्टोबरापासून तशी फिरतेय. तू पातेल्याचं लिहिलंस तेव्हाच तुला हे सांगायला हवं होतं. पण तू तुझ्या लिखाणात होतीस, म्हटलं, तिचं ओझं काय कमी आहे.

आता तू विचारू नको म्हणालीस तेच विचारते. त्या दिवशी निरोप आला तशी मी निघाले, रस्त्यात तासन् तास अडकले आणि सगळं झाल्यावर पोचले. तुम्ही त्याला आवरून ठेवलं होतं. केस विंचरलेले, तोंड मिटलेलं. माझा दादा इतका नीटनेटका कधीच नव्हता. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, हे कुणीतरी त्याचं काम करून ठेवलंय. नंतर तू म्हणालीस, शांत होता, आणि दार लावून घेतलंस. माझा दादा मेला हे मला माहीत आहे. माहीत आहे एवढंच. ‘खोली जुनी होती, त्याला एकटं वाटलं,’ तसं.

तू त्या खोलीत होतीस. मी अजून बाहेर जिन्यात उभी आहे. वहिनी, मला आत घे.

ठकू


२४ एप्रिल

ठकू,

पत्र मिळालं. थांब.

वहिनी


९ मे

ठकू,

हे प्रकरण नाही. तरी पेन्सिल जवळ ठेव, सवय आहे म्हणून. उठावंसं वाटलं तर उठ, मी काही म्हणणार नाही.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत चार खाटा होत्या. तुझा दादा खिडकीशी. मधला पडदा कड्यांवर सरकणारा, पण काही कड्या निखळलेल्या, त्यामुळे तो मध्येच पोटासारखा सुटलेला होता. तुझा दादा आदल्या दिवशी त्या पडद्याकडे बघून म्हणाला होता, मला एक पक्कड द्या, पाच मिनिटांचं काम आहे. पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ छोट्या रेडिओवर कसली तरी मॅच ऐकत होते. दुपार होती. चादर आखूड पडायची, त्याचे पाय कायम बाहेर. नर्सने स्पिरिटच्या बोळ्याने त्याच्या हातांची नखं घासली होती, तरी अंगठ्याच्या कडेला काळी रेघ राहिलीच. नर्स जाम हसली होती त्यावर.

मी संत्रं सोलत होते. त्याला खायचं नव्हतं, वास हवा होता. साल अखंड काढायला मला कधी जमलं नाही, तुकडे पडत होते मांडीवर. तो बघत होता आणि डोळ्यांनी हसत होता, की एवढ्या वर्षांत हे शिकली नाहीस. मग डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. तो कुठेही झोपायचा, तुला माहीतच आहे.

श्वास बदलला ते मला आधी ऐकू आलं. म्हातारं माणूस जिना चढतं ना, दर पायरीवर थांबून, वर बघून, मग पुढची पायरी, तसा तो श्वास घेत होता. मी सोलायची थांबले. एक पायरी. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. मी त्याच्या पुढच्या पायरीची वाट बघत होते. रेडिओवर लोक ओरडले, कुणीतरी बाद झालं असावं. मी वाट बघत होते. हातात अर्धं सोललेलं संत्रं तसंच.

ठकू, तो शांत नव्हता. शांत माणसाचं तोंड मिटलेलं असतं. त्याची मान खिडकीकडे कलंडली होती आणि तोंड उघडं पडलं होतं. आणि मी त्याच्याकडे बघत असताना माझ्या मनात आलं, हा बसमध्ये खिडकीशी झोपलेल्या माणसासारखा दिसतोय, ज्याचा स्टॉप मागे गेलाय आणि ज्याला कुणी उठवलं नाही.

हे आलं, आणि मला बरं वाटलं. आता लिहितेच, लपवून काय मिळालं? चांगली उपमा सापडली की मला आत कुठेतरी जे बरं वाटतं ना, तस्सं वाटलं. नवऱ्याचा श्वास थांबून क्षण झाला नव्हता आणि त्याची बायको मनात वाक्य जुळवून खूश होत होती. मी नर्सला हाक मारली ती त्याच्यानंतर. आधी वाक्य, मग हाक.

त्या दिवशी मी स्वतःला म्हटलं, पुरे. पुन्हा कशासारखं काही म्हणून बघायचं नाही. जे आहे ते आहे. खोली जुनी होती. तो शांत होता. तेव्हापासून संत्रं संत्र्यासारखंही दिसत नाही. तुला वाटलं, मी तुझ्यासाठी दार लावलं. मी आतच नव्हते गं, तुला कुठून घेणार?

एक राहिलं. बरेच दिवस तोंडाने श्वास घेऊन त्याचे दात कोरडे पडले होते, खडूसारखे, चमक गेलेले. त्यांत एकच दात ओला दिसत होता. पुढचा, तू केलेला. एवढी वर्षं मला तो ओळखता आला नव्हता. त्या दिवशी ओळखला. मला वाटलं, ठकू आली. मग नर्सने पट्टी आणली आणि त्याचं तोंड मिटवलं.

हाताला संत्र्याचा वास होता. तू यायच्या आधी मी हात धुतले.

तुझी वहिनी


१६ मे

वहिनी,

तुझं पाकीट लॅबच्या पत्त्यावर आलं. जेवणाची सुट्टी होत आली होती. एका शिंप्याची कवळी करायला घेतली आहे, बिचारा कधीपासून नुसतं पातळ खाऊन राहतोय. त्याचा साचा मी उकळत्या पाण्यात ठेवला आणि घंटेचं घड्याळ लावलं. आत मेणाच्या हिरड्या असतात, त्या जरा मऊ झाल्या की साचा पटकन पाण्यातून काढायचा आणि मेण अख्खं उचलायचं. उशीर झाला की मेण वितळून प्लास्टरमध्ये मुरतं आणि सगळं वाया जातं. हे शिकाऊ मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते. तेवढ्या वेळात एखादं पान होईल म्हणून पाकीट फोडलं.

मान वर केली तेव्हा सर शेगडी बंद करत होते. पाणी तळाला गेलं होतं. मेण सगळं मुरलं, साचा गेला, शिंप्याची कवळी पुन्हा पहिल्यापासून. सरांनी पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं, कारण मी उभ्यानेच वाचत होते आणि उभ्यानेच रडत होते. ऑक्टोबरापासूनचं सगळं रडले. अजून मधूनच येतं. नाक लाल झालंय, शिंप्याला फोन करून माफी मागितली तर तोच मला म्हणाला, ताई, काळजी घ्या.

तो एक दात ओला दिसला, कारण तो सुकत नाही. खरे दात वाऱ्याने कोरडे पडतात, चिनी मातीचा पडत नाही. मी रंग जुळवला, डाग जुळवला, हे मात्र हातात नव्हतं. आधी वाटलं, काम उघडं पडलं. मग वाटलं, बरं झालं पडलं.

आता ऐक. मी पहिलीत होते आणि दादा पाचवीत. आमची शाळेची बस लांबून यायची आणि तो रोज खिडकीशी झोपायचा. मान कलंडलेली, तोंड उघडं. त्याला उठवायचं काम माझं होतं. आमचा स्टॉप आला की मी कोपराने त्याच्या बरगडीत ढोसायची, आणि तो असा दचकून उतरायचा की दप्तर बसमध्येच राहायचं. धाकटी बहीण उठवते म्हणून त्याला लाज वाटायची, कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. मी सांगितलं नाही. त्याने तुला सांगितलं असेल असं वाटत नाही. तरी तू त्याच्याकडे बघितलंस आणि तुला तोच दिसला.

तू वाक्य जुळवत नव्हतीस, वहिनी. तू बघत होतीस. दुसऱ्या कुणी इतकं बघितलं नसतं, आणि मी तर तिथे नव्हतेच. आधी वाक्य आलं तर आलं. नर्सला थोडी उशिरा हाक मारलीस म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. त्याला कुणी उठवलं नाही हे खरं आहे, पण ते तुझं काम नव्हतं, माझं होतं. आणि ते आता मला नुसतं माहीत नाही, मला ते दुखतंय.

भाडेकरूला हात दे. नखांत काळी रेघ दे. प्रकाशकाला सांग, जून उजाडेल.

तुझं पत्र मी परत पाठवणार नाही, प्रकरण असतं तर पाठवलं असतं. पेन्सिल कानावरच होती. समासात फुली नाही. सर म्हणतात, शेगडीवरच्या घड्याळाची घंटा कितीतरी वेळ वाजत होती, पलीकडच्या खोलीतून ते धावत आले. मला काही ऐकू आलं नाही.

ठकू